फॅनफिकमधल्या नात्यावर अभिप्राय कसा द्यावा

"मस्त जमलंय, पण दोघांचं नातं जरा घाईत झालं." फॅनफिक, म्हणजे आवडत्या कथेतली पात्रं घेऊन चाहत्याने रचलेली नवी कथा, लिहिणाऱ्याला सगळ्यात जास्त वेळा मिळणारा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा अभिप्राय हाच. घाई कुठल्या प्रसंगात झाली, वाचक कुठल्या वाक्यापाशी मागे राहिला, यातलं काहीच त्यातून कळत नाही. लिहिणारी व्यक्ती मग सगळीकडे थोडं थोडं पाणी घालते आणि फिक पातळ होते. नात्यावरच्या अभिप्रायाला पानावरची जागा दाखवता आली पाहिजे. ती सापडेपर्यंत काही कळवू नका.

उदाहरणासाठी एकच फिक धरू. महाभारतातली पात्रं, पण आजच्या ठाण्यात. कर्णाला वाढवणारा अधिरथ सारथी होता, म्हणून इथे तो कळव्यातला रिक्षावाला. दुर्योधन घोडबंदर रोडला टॉवर बांधणाऱ्या घरातला. मूळ कथेत शस्त्रकौशल्य दाखवायच्या मैदानात कर्णाला अंगदेश मिळतो, तशी इथे त्याला साइटवरची मोठी नोकरी मिळते. लांबी आठ हजार शब्द, कर्ण आणि दुर्योधन एकत्र असलेले प्रसंग नऊ. मूळ पात्रं अशी दुसऱ्या जगात नेली की त्याला एयू म्हणतात.

वाचायच्या आधी

शिप, म्हणजे ज्या दोघांच्या नात्यावर फिक आहे ती जोडी, कुठली आणि कसली, ते विचारून घ्या. आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिकच्या संकेतस्थळावर दोन नावांमध्ये तिरकी रेघ असेल तर प्रेमसंबंध आणि अँडचं चिन्ह असेल तर मैत्री किंवा घरचं नातं, असा संकेत आहे. तिरकी रेघ १९७०च्या दशकात 'स्टार ट्रेक'मधल्या किर्क आणि स्पॉकच्या चाहत्यांमध्ये रूढ झाली. मैत्रीची फिक प्रेमकथा समजून वाचलीत, तर "पुढे काहीच का होत नाही" असा अभिप्राय द्याल आणि तो सपशेल चुकीचा असेल.

दुसरा प्रश्न कॅननचा, म्हणजे लेखकाने प्रमाण धरलेल्या मूळ कथेचा. "महाभारत" एवढं उत्तर पुरत नाही. स्वयंवरात "सूताला वरणार नाही" म्हणणारी द्रौपदी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्की आहे, पण भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीच्या मुख्य संहितेत तो नकार नाही. कादंबऱ्या वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला कर्ण आणि अश्वत्थामा जिवलग मित्र वाटतात. द्रोणपर्वात मात्र कर्ण कृपाचार्यांना टाकून बोलतो, तेव्हा अश्वत्थामा तलवार उपसून त्याच्या अंगावर जातो. लेखकाने संहिता धरली असेल आणि तुमच्या डोळ्यासमोर १९८८ची दूरदर्शन मालिका असेल, तर "पात्र बिघडलं" हा तुमचा शेरा पात्राला लागूच होत नाही. दोघांची कॅनन वेगळी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरं, तुमची स्वतःची शिप लेखकाला आधीच सांगून टाका. "मला कर्ण आणि वृषालीच वाचायला आवडतात" असं एक वाक्य पुरे. ते न सांगता दिलेल्या अभिप्रायात नावड हमखास व्याकरणाचा वेश घेऊन शिरते.

पहिलं वाचन पेन न घेता, एका बैठकीत. आठ हजार शब्द ठाणे–पनवेल लोकलच्या एका फेरीत होतात.

वळण शोधणं

खरं काम इथे आहे आणि बहुतेक बीटा वाचक, म्हणजे प्रसिद्धीआधी खर्डा वाचून देणारे, नेमकं हेच टाळतात, कारण ते कंटाळवाणं आहे.

कोरा कागद घ्या. दोघं एकत्र असलेल्या प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ आणि ओळीत पाच रकाने: भेट कोणामुळे घडली, कोणाला काय हवं होतं, कोणाला दुसऱ्यापेक्षा जास्त काय ठाऊक होतं, एकमेकांना काय म्हणून हाक मारली, आणि प्रसंग संपताना आधी नव्हतं असं काय झालं. नऊ प्रसंग, नऊ ओळी. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर त्या प्रसंगात नातं हललेलं नाही. लागोपाठ तीन रिकामे दिसले, तर "मध्येच कंटाळा आला" असं जे वाटलं होतं त्याची जागा सापडली.

तिसरा रकाना कोणी भरत नाही, पण तो सगळ्यात जास्त बोलतो. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याच्या जन्माचं खरं सांगतो. अर्जुन सोडून बाकीच्या चौघांना मारणार नाही, असा शब्द कर्ण पुढे कुंतीला देतो. म्हणजे युद्धाच्या आधीच कर्णाकडे असं काही आहे, जे त्याने जिवाभावाच्या मित्राला सांगितलेलं नाही. ठाण्यातल्या फिकमध्ये हे गुपित पाचव्या प्रसंगात आलं आणि सहाव्यात दोघं पूर्वीसारखेच हसतखिदळत चहा पीत असले, तर तिथे खूण करा. गुपित बाळगणारा माणूस तसाच चहा पीत नाही. अगदी पीत असला, तरी लेखकाने ते आपल्याला दिसू द्यायला हवं.

आता या नऊ ओळींत वळण शोधा. ज्या वाक्यानंतर दोघांना पूर्वीसारखं वागणं शक्य नाही, ते वळण. मिठी किंवा कबुली म्हणजे वळण, असं समजू नका; कबुली बहुधा वळणानंतर येते. आपल्या फिकमध्ये आठव्या प्रसंगात कर्ण म्हणतो, "तुझ्याशिवाय मला कोण आहे?" वाचकाचे डोळे तिथे ओले होतात, म्हणून तो तिथे बोट ठेवतो. वळण मात्र सहाव्यात आहे. साइटवर सगळ्यांसमोर कोणीतरी कर्णाच्या बापाच्या रिक्षावरून टोमणा मारतं. दुर्योधन काही बोलत नाही, फक्त मालकाची खुर्ची सोडून कर्णाशेजारच्या प्लास्टिकच्या स्टुलावर येऊन बसतो.

वळण सापडलं की तिथून उलटं चाला. त्याला मागे किती आधार आहेत ते मोजा. एका पात्राने दुसऱ्यासाठी काहीतरी गमावलं किंवा पणाला लावलं, तरच तो आधार. वेळ, पैसा, अब्रू, घरच्यांची मर्जी, काहीही चालेल. माझं मत ठाम आहे: तीन हजार शब्दांच्या आतल्या फिकला दोन आधार पुरतात, आठ हजारांच्या फिकला तीन हवेतच. तिन्ही एकाच पात्राकडून आले असतील तर तेही लिहा. मग ते एकतर्फी नातं आहे आणि लेखकाला कदाचित त्याचा पत्ता नसेल.

मोजताना फसवे आधार ओळखा. तिसऱ्या पात्राने "तुम्ही दोघं एकमेकांसाठीच जन्मलात" म्हणणं हा आधार नाही. ताप, अपघात, पावसात अडकणं यातून आलेली जवळीक आजाराची असते. ताप उतरल्यावरच्या पहिल्या प्रसंगात ती टिकली तरच धरा. "सहा महिन्यांनी" असं लिहून उडी मारली असेल, तर वळण त्या सहा महिन्यांत पडून राहिलंय. एका फोनने मिटेल अशा गैरसमजावर तीन प्रकरणं उभी असतील, तर दोघांनी फोन का केला नाही याचं कारण पानावर आहे का, ते बघा.

आणि सगळ्यात फसवा आधार म्हणजे कॅनन स्वतः. कर्ण आणि दुर्योधन मित्र आहेत हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, म्हणून लेखकाने न लिहिलेली मैत्रीही आपण वाचतो. याला एकच उपाय आहे. दोन प्रसंगांतली नावं झाकून अ आणि ब लिहा आणि परत वाचा. संवाद कुठल्याही मालक-नोकराचे वाटले, तर नातं वाचकाने घरून आणलेलं आहे. नावं झाकूनही अ आणि ब कोण ते ओळखू आलं, तर लेखकाने काम केलंय आणि तसं त्याला लिहून कळवा. जमलेली जागा दाखवली नाही, तर पुढच्या खर्ड्यात तीच आधी कापली जाते.

तू, तुम्ही आणि आपण

हे मराठी फिकसाठी वेगळं सांगावं लागतं, कारण अभिप्रायाबद्दलचे बहुतेक सल्ले इंग्रजीतून येतात आणि तिथे ही सोयच नाही. आपल्याकडे नातं क्रियापदात दिसतं. दोन रंगांचे हायलायटर घ्या. एका रंगाने प्रत्येक "तू", दुसऱ्याने प्रत्येक "तुम्ही". कर्ण पहिल्या प्रसंगात "सर, तुम्ही" म्हणतो आणि चौथ्यात "तू". मधल्या दोन प्रसंगांत हा बदल घडताना दिसला का? दिसला नसेल तर ती चूक आहे. "सर"वरून "तू"वर येताना माणूस अडखळतो. काही दिवस तर तो नावही घेत नाही आणि सर्वनामही टाळतो: "चहा सांगू का?", "निघायचं?" हे अडखळणं लिहिलं की अर्धं नातं उभं राहतं.

रागात दोन उलट गोष्टी घडतात आणि लेखक त्यांची गल्लत करतात. "तुम्ही"वरून "तू"वर घसरणं हा अपमान. "तू"वरून "तुम्ही"वर चढणं हा दुरावा आणि तो जास्त लागतो. आठ वर्षं "तू" म्हणणारा कर्ण एक दिवस "तुम्हीच ठरवा आता" म्हणतो, तेव्हा पुढचं भांडण लिहायचीही गरज उरत नाही. भांडणात सर्वनाम कारणाशिवाय पुढे-मागे होत असेल तर लेखकाचं लक्ष सुटलेलं आहे. प्रत्येक ठिकाणी खूण करा.

"आम्ही" आणि "आपण" यांवर सगळ्यात बारीक नजर ठेवा. कर्ण दुर्योधनाला घरचं सांगताना "आम्ही रविवारी मासे आणतो" म्हणतो, तेव्हा दुर्योधन त्या घराबाहेर उभा असतो. ज्या वाक्यात पहिल्यांदा "आपण आणू" येतं, तिथे तो आत आला. कित्येकदा हा शब्द लेखकाच्या हातून नकळत दुसऱ्याच प्रसंगात पडतो आणि पुढची सगळी ओढ तिथेच संपते.

हाका आणि बिरुदंही तपासा. कर्ण, राधेय, अंगराज, सूतपुत्र: प्रत्येक नाव वेगळ्या तोंडात शोभतं. "राधेय" हाकेत आईची आठवण आहे, "अंगराज"मध्ये दुर्योधनाने दिलेलं पद आहे. दुर्योधन एकांतात "अंगराज" म्हणत असेल, तर तो दर हाकेला उपकाराची आठवण करून देतोय. लेखकाला तसंच म्हणायचं आहे का, ते विचारा.

उपकार आणि नकार

देणारा आणि घेणारा यांच्या नात्यात एक प्रश्न विचारलाच पाहिजे: घेणाऱ्याला "नाही" म्हणायची सोय होती का? आदिपर्वात राज्य मिळाल्यावर याच्या बदल्यात काय देऊ, असं कर्ण विचारतो आणि दुर्योधन त्याचं सख्य मागतो. म्हणजे मूळ कथेतच मैत्री आणि देणं एकमेकांत गुंतलेलं आहे. प्रेमाच्या शिपमध्ये हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा. मालकाने हात धरला आणि नोकर गप्प राहिला, तर त्या गप्प राहण्याला लेखक संमती समजतोय की भीती, हे पानावरून कळत नसेल तर स्पष्ट लिहा. इथे भीड ठेवू नका.

लिहून देणं

तीनच मुद्दे द्या. तुमच्या कागदावर पंधरा असतील, बाकीचे बारा ठेवून द्या. तीन मोठे सुटले की त्यातले निम्मे आपोआप जातात. प्रत्येक मुद्द्यात क्रम असा: प्रसंग आणि लेखकाचं वाक्य, वाचताना काय झालं, मग एक प्रश्न. नमुना:

"प्रसंग ४, 'तू उद्या येतोयस ना?' इथे मी मागे गेलो, कारण प्रसंग ३ मध्ये कर्ण 'सर' म्हणत होता. मधल्या काळात काय झालं, असं तुझ्या मनात आहे?"

आता हेच वाईट पद्धतीने, 'ओओसी' म्हणजे पात्र स्वभावाला सोडून वागतंय असा शेरा मारून: "कर्ण ओओसी वाटतो. त्याने आधी रागावायला हवं होतं, मग दुर्योधनाने माफी मागावी." पहिल्या वाक्यात जागा नाही आणि दुसऱ्यात तुमची फिक आहे. प्रसंग तुम्ही लिहून देऊ नका. प्रश्न विचारलात की उत्तर लेखकाकडून येतं आणि ते तुमच्या उत्तरापेक्षा त्या कथेला जास्त बसतं.

नव्याने लिहिणाऱ्याला आधी जमलेली जागा दाखवा, पण तीही नेमकी. "स्टुलाचा प्रसंग" म्हणा, "भावना छान" म्हणू नका.

समोरासमोर बोलणार असाल तर कागद छापून न्या. ठाण्यात तलावपाळीला संध्याकाळी एवढा गजबजाट असतो की बारीक मुद्दे ऐकूच जात नाहीत. सकाळी उपवन तलावाकाठी बसा. भेट तासाभराची ठेवा. लेखक बचाव करू लागला तर थांबा आणि त्याचं म्हणणं लिहून घ्या. "अगं, त्याच्या आईने त्याला आधीच सांगितलेलं असतं ना!" असं काही ऐकू आलं, तर तेच पानावर यायला हवं होतं. ते वाक्य तिथल्या तिथे समासात लिहा आणि कागद लेखकाच्या हातात द्या.

दुसरा खर्डा आला की सगळा परत वाचू नका. बदललेला प्रसंग, त्याच्या आधीचा एक आणि नंतरचे दोन एवढंच वाचा. सर्वनामं परत रंगवा, कारण प्रसंग मागे-पुढे हलवले की "तू" आणि "तुम्ही" जुन्याच जागी राहून जातात.