घरचं कांदा बियाणं धरताय? निवड आत्ताच करा

दिवाळीच्या सुमारास कांदा साठवायच्या चाळी रिकाम्या होत येतात. एप्रिल-मेमध्ये भरलेला उन्हाळी कांदा, उकाडा आणि पावसाळी दमट हवा सोसूनही जो अजून टणक आहे, ज्याला कोंब फुटलेला नाही, तोच बियाण्यासाठी पुन्हा लावायला घ्या. सडणारा सडला, फुटणारा फुटला; निम्मी निवड चाळीनेच करून दिलीय. बाजारातून देखणा कांदा आणून लावला, तर हे सहा महिने वाया.

आकार मध्यम, ६०-८० ग्रॅमचा, मान बारीक, रंग सारखा. लागवडीआधी आपण वरचा एक तृतीयांश भाग कापतोच, तेव्हा कापलेल्या जागी नीट बघा. मधोमध एकच कोंब दिसला तर ठेवा. दोन-तीन दिसले, तर कांदा बाहेरून कितीही गोल गरगरीत असो, तो जोडकांद्याचा आहे, स्वयंपाकघरात पाठवा.

रब्बीच्या वाफ्यात डेंगळे, म्हणजे कांदा पोसण्याआधीच फुलांचे दांडे, आलेल्या झाडांचं बी मात्र अजिबात धरू नका. फुकट मिळतं म्हणून पुष्कळजण धरतात आणि पुढे ‘बियाणं बिघडलं’ म्हणतात. बिघडलं कुठे? लवकर डेंगळे येणारी झाडंच वर्षानुवर्षं निवडली, तर पुढचं पीक तसंच येणार.

वीस-पंचवीस कांद्यांवरही भागवू नका. इतक्या थोड्या झाडांत काही चांगले गुण निव्वळ योगायोगाने गळून पडतात, आणि नात्यातल्या नात्यात परागीकरण होऊन रोपं अशक्त निघतात. दोनशेच्या खाली जाऊ नये.

कांद्याच्या फुलात पराग आधी गळतात, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे मधमाशी लागतेच, आणि तिला बांध कळत नाही. शेजारी लाल कांद्याचं बी धरत असेल, तर तुमच्या फिक्या कांद्यात तो रंग शिरतो, आणि हे पुढच्या काढणीलाच उघड होतं. किमान एक किलोमीटर अंतर ठेवा. ते जमत नसेल तर शिवारात बसून सगळ्यांनी एकच जात ठरवा. भांडणापेक्षा स्वस्त पडतं. फुलोऱ्यात कीटकनाशक नको, फुलकिड्यांची फवारणी त्याआधीच उरका.

गोंड्यातली, म्हणजे दांड्यावरच्या फुलांच्या गुच्छातली, १०-१५ टक्के बोंडं फुटून काळं बी दिसू लागलं, की कापणी सुरू करा. सगळे गोंडे एकदम पिकत नाहीत, दोन-तीन वेळा फिरावं लागतं. पहिल्याच फेरीचं बी ठेवलंत, तर फक्त लवकर फुलणारी झाडं पुढे जातील. सगळ्या फेऱ्यांचं मिसळा, सुकवा, आणि येत्या हंगामातच वापरा. कांद्याचं बी उगवणशक्ती फार लवकर गमावतं.