टेलीमार्क शिकताना लक्ष मागच्या पायावर ठेवा

टेलीमार्क म्हणजे स्कीवरून (पायांना बांधलेल्या लांब पट्ट्यांवरून) बर्फाच्या उतारावर घसरत जाण्याची एक पद्धत. यात बूट स्कीला फक्त पुढच्या बाजूने बांधलेला असतो, टाच मोकळी राहते. वळताना बाहेरचा पाय पुढे सरकतो, आतला मागे राहतो आणि त्याची टाच उचलली जाते. नवशिके नेमके इथेच फसतात. सगळा भार पुढच्या पायावर टाकतात आणि मागची स्की नुसती फरफटत येते. मग ती भरकटते आणि आपण बर्फात!

उपाय साधा आहे. आधी सपाट जागेवर उभे राहून पाय मागेपुढे करा आणि गुडघे वाकवून खाली बसल्यासारखे व्हा. आता मागची स्की जागेवरून उचलून बघा. सहज उचलली गेली, तर तिच्यावर भारच नाही. दोन्ही पायांवर साधारण निम्मा-निम्मा भार हवा. मागच्या पायाचा चवडा, त्यातही करंगळीकडची बाजू, दाबून धरा. टाच थोडीच उचला, पाय फार मागे जाऊ देऊ नका. गुडघा जमिनीला टेकवण्याचा हट्ट तर मुळीच नको. ते फोटोपुरतं ठीक.

जमलं की अगदी सौम्य उतारावर तिरकं जात पाय बदलत राहा. हा बदल सावकाश, पण न थांबता व्हायला हवा. दुसऱ्या दिवशी मांड्या बोलणारच.