'फार्ट' दिसला की लगेच इंग्रजी अर्थ लावू नका, या चुका टाळा

एफ-ए-आर-टी हे स्पेलिंग इंग्रजीत दिसलं तर अर्थ सरळ आहे, पादणं. पण अगदी हेच स्पेलिंग स्वीडिशमध्येही आहे आणि कॅटलानमध्येही (स्पेनमधल्या बार्सिलोनाकडची भाषा), आणि तिथे अर्थ पार वेगळे, त्यामुळे नवीन शिकणारे इथे हमखास गडबडतात.

पहिली चूक म्हणजे स्पेलिंग सेम म्हणून मूळही एकच असणार असं धरून चालणं. तसं नाहीये. स्वीडिश शब्द 'फारा' म्हणजे जाणे, प्रवास करणे ह्या क्रियापदाच्या कुळातला, म्हणून त्याचा अर्थ वेग. कॅटलानचा आलाय लॅटिन 'फार्तुस'वरून, म्हणजे ठासून भरलेला.

स्वीडनमध्ये गेटवर 'इनफार्ट' किंवा 'उतफार्ट' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ गाडी आत जायचा आणि बाहेर यायचा रस्ता, तर पाटी बघून हसण्याच्या नादात तिथेच गाडी लावू नका. स्पीडब्रेकर म्हणजे 'फार्टहिंदर', जहाज म्हणजे 'फार्टीग'. आणि उच्चार नीट करा, स्वीडनच्या बऱ्याच भागात र आणि त मिळून आपल्या ट सारखा एकच आवाज होतो, म्हणजे ऐकायला 'फाट' च्या जवळ, आपल्याला तर हे सोपंच जायला पाहिजे! अजून एक, फिजिक्सचं स्वीडिश पुस्तक वाचत असाल तर 'फार्ट' म्हणजे स्पीड आणि 'हास्तिगहेत' म्हणजे व्हेलॉसिटी, दोन्ही एकच समजलात तर गणित चुकलंच.

कॅटलानमध्ये 'एस्तिक फार्त' म्हणजे पोट गच्च भरलं, पण जास्त करून 'वैतागलो, वीट आला' ह्या अर्थाने म्हणतात. इथे लिंग विसरू नका, बाई बोलत असेल तर 'फार्ता'. मला सगळ्यात आवडतो तो प्रयोग म्हणजे 'उन फार्त दे रिउरा', पोट दुखेपर्यंत हसणं, आता ह्याचं इंग्रजी डोक्यात ठेवून भाषांतर केलंत तर काय होईल बघा. ट्रान्सलेट ॲपमध्ये नुसता एक शब्द टाकून भाषा ऑटो-डिटेक्टवर सोडली तरी असाच घोळ होऊ शकतो, भाषा स्वतः निवडा आणि अख्खं वाक्य टाका.

आणि उलटा सापळा पण आहे बरं का, कॅटलानमध्ये पादण्याला म्हणतात 'पेत', स्पेलिंग पी-ई-टी. त्यामुळे घरच्या कुत्र्या-मांजराबद्दल सांगताना 'मास्कोता' हाच शब्द वापरा.