मॅग्नेटिक राइडच्या शेवरले टाहोसाठी नवे स्ट्रट निवडताना

मॅग्नेटिक राइड म्हणजे शॉकअपचा कडकपणा विजेने बदलणारी यंत्रणा. आधी खात्री करा की बिघाड स्ट्रटमध्येच (स्प्रिंग बसवलेल्या शॉकअपमध्ये) आहे. 'सर्व्हिस सस्पेन्शन सिस्टिम' असा संदेश तुटलेल्या वायरमुळे किंवा उंची मोजणाऱ्या सेन्सरमुळेही येतो. स्कॅनरने कोड वाचा, मग दोन्ही बाजूंच्या स्ट्रटमधल्या कॉइलचा (तारेच्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजून ताडून पाहा. एका बाजूला सर्किट तुटलेले दिसले किंवा स्ट्रट तेलाने ओला असेल, तरच खरेदीकडे वळा.

२०१५ ते २०२० च्या टाहोत मॅग्नेटिक राइडचा कंपनीचा पर्याय-कोड (आरपीओ) झेड ९५ असतो. तो नसेल तर गाडीत मॅग्नेटिक राइड नाही. भाग मागवताना व्हीआयएन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) द्या. नुसते मॉडेल आणि साल पुरत नाही.

या स्ट्रटमधल्या तेलात लोखंडाचे बारीक कण असतात. पिस्टनमधल्या कॉइलला वीज मिळाली की तेल क्षणात घट्ट होते. साधा स्ट्रट बोल्टला बसेल, पण कॉम्प्युटरला कॉइल सापडणार नाही आणि इशारा कायम राहील. इशारा दाबणारे रेझिस्टर किट मिळते. त्याने दिवा विझतो, मूळची राइड परत येत नाही. पैशाची फारच ओढाताण असेल तरच तो मार्ग घ्या, आणि तेव्हा चारही शॉकअप साधेच लावा.

पुढचे दोन्ही स्ट्रट एकदम बदला, वरचे माउंटही नवे घ्या. जुनी स्प्रिंग वापरणार असाल तर ती दाबून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतोच. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. बुशचे (जोडावरच्या रबरी नळीचे) बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच पक्के आवळा, नाहीतर रबर पिळवटून लवकर फाटते. शेवटी चाकांचे अलाइनमेंट करा.