हरणाच्या रायफलीसाठी हँडलोड निवडताना या चुका टाळा

सप्टेंबर संपत आला की मला एक ठरलेला फोन येतो. कोलोरॅडोत शिकार करणारे मराठी लोक आम्ही मोजकेच, त्यामुळे फोन करणाराही बहुधा तोच असतो. ‘‘अरे, तीनशे यार्डांवर गोळी अजून खाली पडतेय. पावडर अर्धा ग्रेन वाढवू का?’’

हँडलोड म्हणजे घरी स्वतः पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळीत) पावडर आणि गोळी भरून केलेलं काडतूस, आणि ग्रेन हे पावडर-गोळी तोलायचं छोटं एकक. तर उत्तर: नको वाढवूस. का नको, ते सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वर्षी फोनवर फक्त सीझनच्या शुभेच्छा देता येतील.

आधी कायद्याचं. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने हरणाची शिकार बंद आहे, त्यामुळे हे सगळं इथलं, अमेरिकेतलं. इथेही एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल, तर वैध शिकार परवान्यासारखा अपवाद लागू असल्याशिवाय बंदूकच काय, नुसतं काडतूसही जवळ ठेवता येत नाही. रीलोडिंगचा, म्हणजे काडतुसं घरी भरायचा, प्रेस विकत घेण्याआधी हे तपासा.

पहिली चूक: वेगाची हाव

माझी रायफल .२७० विंचेस्टर. १९२५ साली आलेलं हे काडतूस आजही सपाट मारासाठी नावाजलेलं आहे. १३० ग्रेनची गोळी सेकंदाला ३,०६० फुटांच्या आसपास निघते. दोनशे यार्डांवर झीरो केली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी एका जागी जुळवली, तर तीनशेवर ती सहा-साडेसहा इंच खाली लागते.

आता समजा तुमचा लोड (तुम्ही भरलेलं काडतूस) सेकंदाला शंभर फुटांनी हळू आहे. तीनशे यार्डांवर फरक पडतो जेमतेम अर्ध्या इंचाचा. चारशेवर सव्वा इंच. दगडावर कोपर टेकून, धापा टाकत नेम धरताना अर्धा इंच कुणाला दिसतो? त्याच तीनशे यार्डांवर ताशी दहा मैलांचा आडवा वारा गोळीला सहा इंच बाजूला नेतो. तरी वाऱ्याबद्दल फोन करून विचारणारा मला अजून भेटलेला नाही.

शेवटचे ते शंभर फूट मात्र फार महाग पडतात. कमाल मर्यादेच्या जवळ पावडर थोडी वाढली की वेग थोडासाच वाढतो, दाब मात्र भराभर चढतो. .२७० साठी ठरलेली कमाल मर्यादा ६५,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे. ‘प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) चपटा झालेला नाही, म्हणजे दाब ठीक आहे’ हा समज काढून टाका. प्रायमर सपाट होणं, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळ्याचा) चकचकीत ठसा उमटणं, बोल्ट (काडतुसामागून बॅरल बंद करणारा दांडा) उचलायला जोर लागणं, ही लक्षणं दिसेपर्यंत तुम्ही बहुतेक वेळा मर्यादा ओलांडलेली असते.

विकतच्या काडतुसांच्या डब्यावर छापलेला वेग साधारणपणे २४ इंची बॅरलमधला असतो. तुमचं बॅरल २२ इंची असेल, तर कमी आकडा येणारच. तो भरून काढायला पावडर ओतायची नाही.

एका नावाच्या दोन दारू

पावडरला आपल्याकडे दारूच म्हणतात, आणि एका बैठकीत दोन प्रकारची दारू नको हा नियम इथेही पाळायचा. टेबलावर एका वेळी एकच डबा.

यातला जुना सापळा म्हणजे ४८३१ हा पावडरचा आकडा. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेली सरकारी पावडर ब्रूस हॉजडन यांनी घाऊक विकत घेतली, तिच्यातून एच-४८३१ प्रसिद्ध झाली आणि .२७० वाल्यांची ती लाडकी ठरली. पुढे आयएमआर ४८३१ आली. आकडा तोच, पण पावडर वेगळी, जास्त वेगाने जळणारी. एच-४८३१ चं वजन आयएमआरच्या डब्यातून भरलं, तर दाब धोक्याच्या पातळीवर जातो. म्हणूनच मी इथे पावडरचं एकही वजन देत नाही. कुणाच्या लेखातून, कुणाच्या आजोबांच्या वहीतून ते घेऊ नका. पावडर किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीचं चालू मॅन्युअल उघडा, तुमची नेमकी गोळी शोधा, दिलेल्या सुरुवातीच्या वजनापासून वर या. साध्या प्रायमरच्या जागी मॅग्नम घातला, पुंगळीचा ब्रँड बदलला, गोळी बदलली, की पुन्हा खालून सुरुवात. आणि ‘सुरक्षित म्हणून’ सुरुवातीच्या वजनाच्याही खाली जाऊ नका. सावकाश जळणारी पावडर फार कमी भरली तर तिचा दाब बेभरवशाचा होतो.

सोनाराकडे गुंज बघितली असेल. एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन. आपण मोजतो त्याच्या विसाव्या भागापर्यंत. माझा डिजिटल काटा एका दुपारी उगाचच दोन-तीन दशांश इकडे-तिकडे करत होता. मी तो तीनदा कॅलिब्रेट केला, शिव्याही घातल्या. कारण निघालं डोक्यावरचा पंखा. पंखा बंद करताच आकडा जागेवर बसला. तेव्हापासून दर दहा काडतुसांनंतर मी वजनाचं प्रमाण-माप काट्यावर ठेवून बघतो.

गोळी शेवटी निवडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती मी स्वतः केली आहे. माझ्या पहिल्या म्यूल डिअरसाठी मी गोळी निवडली ती कागदावर सर्वात छोटा ग्रुप (एकमेकांजवळची भोकं) देणारी, पातळ आवरणाची, टोकाला प्लॅस्टिक असलेली. लोड अर्थात जोरदार. हरीण उभं राहिलं साठ यार्डांवर, सेजब्रशच्या झुडपामागे. इतक्या जवळ गोळीचा जवळजवळ पूर्ण वेग शिल्लक असतो. ती खांद्याच्या हाडावर फुटली. हरीण जागीच पडलं, पण कातडं काढल्यावर पुढचा अख्खा फरा काळानिळा, जेलीसारखा झालेला. ज्याचा खिमा करायचा होता तो भाग टाकून द्यावा लागला. गोळीचे तुकडे फुप्फुसांपर्यंत पोचले हे नशीब. नाहीतर जखमी हरणाच्या मागे रात्रभर हिंडावं लागलं असतं.

वेगवान रायफलीला भक्कम गोळी लागते. हा धडा जुनाच. जॉन नॉसलर यांच्या गोळ्या एका मूसच्या चिखलाने माखलेल्या जाड कातड्यापुढे कमी पडल्या, आणि त्यातून मधे आडवी भिंत असलेली पार्टिशन गोळी जन्माला आली. पुढचा भाग फुलतो, मागचा आत घुसत राहतो. बाँडेड (शिसं आवरणाला पक्कं चिकटवलेल्या) गोळ्या किंवा पूर्ण तांब्याच्या गोळ्या हेच काम वेगळ्या रीतीने करतात. कॅलिफोर्नियात शिकार करणार असाल तर निवडीचा प्रश्नच नाही. १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीत शिशाची गोळी चालत नाही.

तांब्याच्या गोळीचे दोन स्वभाव लक्षात ठेवा. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. ती पुंगळीत जास्त जागा खाते आणि बॅरलचा ट्विस्टही (आतल्या खाचांचा पीळ) जास्त मागते. शिशात १५० ग्रेन वापरत असाल तर तांब्यात एक पायरी हलकी घ्या. दुसरं, तिला उघडायला वेग हवा. निर्माता किमान वेग देतो, बहुधा १,८०० ते २,००० फुटांच्या दरम्यान. तुमचा लोड किती यार्डांवर त्या आकड्याखाली जातो ते काढा. तुमच्या मर्यादेचं अंतर तेच, स्कोपवर कितीही आकडे कोरलेले असोत.

रेंजवर जमलं, डोंगरात बिघडलं

जुलैत ३५ अंशांवर बसवलेला लोड ऑक्टोबरच्या पहाटे शून्याखाली मारायचा असतो. तापमानाला संवेदनशील पावडर असेल तर तेवढ्याने सेकंदाला साठ-सत्तर फूट सहज कमी होतात. हरणाच्या अंतरावर ते चालून जातं. उलट प्रकार जास्त वाईट. थंडीत दाबाच्या कमाल मर्यादेपर्यंत भरलेली काडतुसं उन्हात तापलेल्या गाडीतून काढून झाडली की बोल्ट अडकतो.

गोळी रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या खाचांना) टेकेल इतकी बाहेर बसवायची फॅशन टार्गेटवाल्यांकडून आली आहे. शिकारीत नको. न झाडलेलं काडतूस काढायला गेलात की गोळी बॅरलमध्येच राहते आणि पावडर सगळ्या ॲक्शनमध्ये (बोल्टच्या यंत्रणेत) सांडते. तिथे तुमची शिकार संपली. शिवाय काडतूस मॅगझिनमध्ये बसलं पाहिजे. .२७० ची ठरलेली कमाल लांबी ३.३४० इंच.

पुंगळीच्या बुडाच्या जरा वर चकचकीत गोल पट्टा दिसला, तर पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून वर ओढा. खाचेत अडकलं की पुंगळी आतून पातळ झाली आहे. फेकून द्या. कारण बहुधा डाय (पुंगळी पुन्हा मापात आणणारा साचा) गरजेपेक्षा जास्त खाली बसवलेली असते आणि खांदा (पुंगळी गळ्याकडे निमुळती होते तो भाग) दर वेळी खूप मागे ढकलला जातो. बुडापाशी उंच कडं असलेल्या मॅग्नम काडतुसांत, म्हणजे सात मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नमसारख्यात, हे फार दिसतं. नुकत्याच झाडलेल्या पुंगळीपेक्षा खांदा ०.००२ इंच मागे गेला तरी पुरे.

काल जमणारा ग्रुप आज फुटला, तर लोडला हात लावू नका. आधी स्कोपच्या रिंगा, मग ॲक्शनचे स्क्रू, मग बॅरलमधलं तांब्याचं किटण. आणि तीन गोळ्यांच्या एका सुंदर ग्रुपवर लोड ठरवू नका. तीन गोळ्या नशिबानेही जवळ लागतात. तोच लोड वेगवेगळ्या दिवशी, थंड बॅरलमधून, पाच-पाच झाडून बघा.

झीरोबद्दल एकच. शंभर यार्डांवर तीन इंच वर ठेवला, तर .२७० ची गोळी साधारण पावणेतीनशेवर रेषेला येते. हरणाच्या छातीच्या मधोमध धरायचं, उगाच वर-खाली करायचं नाही. फक्त दीडशेच्या आसपास ती साडेतीन इंचांहून जरा जास्त वर असते हे विसरू नका.

सीझनच्या आदल्या रात्री बॅरल घासूनपुसून तेल लावायचा मोह होतो, घरच्या शस्त्रपूजेसारखा. तेलकट बॅरलमधली पहिली गोळी बऱ्याचदा भलतीकडे जाते, आणि हरणासाठी तीच पहिली गोळी हवी असते. मी शेवटची सफाई आठवडाभर आधी करतो, मग रेंजवर तीन काडतुसं झाडून रायफल तशीच म्यानात घालतो.