घरी रंगवलेल्या सुती कपड्याचा रंग फ्रंट लोडमध्ये सुटत राहतो? माझा अनुभव

रिॲक्टिव्ह रंगात (सुताच्या धाग्याशी रासायनिक जोड धरणारा रंग) घरी रंगवलेला सुती कुर्ता. प्रत्येक धुण्याला मशीनच्या काचेआड गुलाबी पाणी, आणि कुर्त्याच्या पांढऱ्या किनारीवर तोच रंग. मीठ झालं, व्हिनेगर झालं, तुरटीही झाली. जीव मेटाकुटीला आला.

या रंगाला सुतावर पक्का करतो धुण्याचा सोडा, तोही रंगवतानाच. नंतर व्हिनेगर ओतून काही होत नाही. सुटतो तो धाग्याला न धरलेला जादा रंग. फ्रंट लोड पाणी कमी घेतं, त्यामुळे तो वाहून न जाता कपड्यावरच परत बसतो.

आधी कपडा बादलीत गार पाण्याने खळबळा, सोड्याचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत. मग स्टीलच्या पातेल्यात जवळजवळ उकळतं पाणी घ्या, कपडा मोकळा बुडेल इतकं, आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी गडद दिसलं तर ते ओतून पुन्हा तसंच. खरं काम इथेच होतं, घाई नको. मशीन त्यानंतर: कपडा एकटाच, कॉटन ६० अंश, 'एक्स्ट्रा रिन्स' चालू, लिक्विड अगदी थोडं. (झाकणभर ओतायची सवय असते, फेस वाढला की खळबळणं नीट होत नाही.)

तपासायला ओलसर कपड्यावर पांढरं फडकं ठेवून गरम इस्त्री दाबा. फडकं कोरं राहिलं की तो इतर कपड्यांत टाकायला हरकत नाही. लोकर-रेशमाला मात्र हा उकळत्या पाण्याचा प्रयोग नको.