डार्क फँटसीचं मुखपृष्ठ छापल्यावर काळवंडतं? या चुका टाळा

स्क्रीनवर अंगावर काटा आणणारं चित्र छापून हातात आलं की नुसता काळा डाग दिसतो, अशी तक्रार डार्क फँटसी, म्हणजे भीतिदायक अद्भुतकथांची ग्राफिक नॉव्हेल (चित्रकादंबरी) करणाऱ्या चित्रकारांकडून नेहमी येते. खापर फुटतं प्रेसवाल्यावर. बिघाड मात्र बहुतेक वेळा फाइल पाठवण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या कच्च्या स्केचमध्येच झालेला असतो.

अंधार आहे, पण उजेड कुठाय?

काळं आकाश, त्यात काळपट जांभळा किल्ला आणि पुढे काळ्या झग्यातला नायक. मॉनिटर स्वतः प्रकाश फेकतो, म्हणून या तीन काळ्यांमधला फरक तिथे कळतो. कागदावर शाई थोडी पसरते आणि तिन्ही एकमेकांत विरून जातात. तपासायची रीत सोपी आहे. चित्राची एक प्रत ग्रेस्केल, म्हणजे काळी-पांढरी करा आणि डोळे किलकिले करून बघा. आकृती सुटी दिसत नसेल तर रंग बदलत बसू नका, उजेड कुठून येतोय हेच नव्याने ठरवा. पुष्कळदा मागचं आकाश थोडं उजळ केलं की काम भागतं. नायक काळाच राहतो, पण त्याची कड स्पष्ट उठते.

कॉमिक्स चित्रकार माइक मिन्योला यांची १९९४ पासूनची ‘हेलबॉय’ या कॉमिकची मुखपृष्ठं यासाठी समोर ठेवून अभ्यासावीत. सावलीत गेलेला भाग ते खुशाल सपाट काळा सोडून देतात, आणि म्हणूनच लाल नायक लांबूनही ओळखू येतो. आपण उलट करतो. प्रत्येक सावलीत साखळ्या, सुरकुत्या, खवले भरत जातो. छापताना ते सगळे तपशील बुडतात आणि काळ्याचा जोरही जातो.

सगळी कथा एका पानावर

शापित तलवार, तीन राक्षस, कवट्या, कावळे, रक्ताळलेला चंद्र. वर लेखक म्हणतो, चेटकीणही येऊ द्या ना! ऑनलाइन दुकानात हे मुखपृष्ठ फोनवर टपाल तिकिटाएवढं दिसतं आणि तिथे या गर्दीतलं काहीच कळत नाही. चित्रकार डेव्ह मॅकीन यांनी १९८९ ते १९९६ या काळात ‘द सँडमॅन’ या कॉमिकच्या सर्व ७५ अंकांची मुखपृष्ठं केली आणि त्यांतल्या बहुतेकांवर मुख्य पात्र दाखवलंच नाही. फोटो, कोलाज, रंगकाम आणि प्रत्यक्ष वस्तू यांतून त्यांनी वातावरण उभं केलं.

आधी लेखकाला विचारा, या कथेत भीती नेमकी कशाची आहे? समजा, तुमच्या कथेतली मुलगी प्रत्येक वरापोटी स्वतःची एक आठवण गहाण टाकते. मग आई समोर उभी आहे आणि मुलीच्या डोळ्यांत ओळखच नाही, एवढं चित्र दहा राक्षसांना भारी पडेल. राक्षस आतल्या पानांत आहेतच. आणि आतली पानं शाईच्या रेघांची असतील तर मुखपृष्ठ गुळगुळीत डिजिटल पेंटिंगचं नको. पुस्तक उघडल्याबरोबर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं.

अक्षरांतून रक्त ठिबकवताना जपा

रोमन लिपीतल्या भयकथांचे लेटरिंग नमुने जसेच्या तसे देवनागरीवर चढवले की घोळ होतो, कारण आपल्याकडे शिरोरेघेच्या वरची आणि खालची प्रत्येक रेघ वाचली जाते. ‘वध’ या शीर्षकात व आणि ध यांच्या मधोमध रक्ताचा लांब ओघळ सोडला की तो काना होतो आणि लोक ‘वाध’ वाचतात. ‘काळ’मधल्या कान्यावर तिरपा काटा बसवला की ‘कोळ’. सगळ्यात फसवी असते ती शिरोरेघेला पाडलेली चीर. ‘घाव’च्या घवर डावीकडे ती पडली तर त्याचं सरळ ‘धाव’ होतं. म चा भ व्हायलाही तेवढंच पुरतं. ओघळ अक्षराच्या स्वतःच्या उभ्या दांड्यातूनच खाली उतरवा. चिरा दांड्यांवर पाडा, शिरोरेघ शाबूत ठेवा.

अक्षरांमधलं अंतर वाढवून भारदस्तपणा आणायचा मोहही आवरा, शिरोरेघेचे तुकडे होतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत वर्ल्ड-रेडी लेआउट (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडलेला नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. शेवटी, शीर्षक माहीत नसलेल्या माणसाकडून ते एकदा मोठ्याने वाचून घ्या.

प्रेसला जाण्यापूर्वी

मोठ्या भागावर नुसती काळी शाई १०० टक्के दिली तर ती धुरकट, करडी दिसते. तिच्याखाली बाकीच्या शायांचा आधार लागतो. सायन (निळसर) ६०, मॅजेंटा (गुलाबीसर) ४०, पिवळा ४०, काळा १०० टक्के हे प्रमाण सुरुवातीला ठीक. चार शायांच्या टक्क्यांची बेरीज २४० होते. चारही शाया १०० टक्के भरू नका. शाई वाळत नाही आणि गठ्ठ्यातल्या वरच्या शीटच्या पाठीला लागते. आर्ट पेपरवर या बेरजेची साधारण ३०० ही मर्यादा धरतात, तरी आपल्या प्रेसला विचारून घ्या. चार रंगांच्या काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं ठेवली तर रजिस्ट्रेशन, म्हणजे चार शायांचे ठसे एकमेकांवर नेमके बसणं, केसभर हललं तरी ती बुजतात. म्हणून मलपृष्ठावरचा मजकूर जाड वळणाच्या फाँटमध्ये हवा.

मंत्राचा झळाळता हिरवा किंवा विजेचा निळा फोर कलरमध्ये, म्हणजे या चार शायांत, तसा उतरतच नाही. हे शेवटी कळण्यापेक्षा रंगवतानाच सीएमवायकेचा (याच चार शायांचा) प्रिव्ह्यू चालू ठेवा आणि त्या रंगाभोवतीचे रंग मळकट करा, म्हणजे तो आपोआप उजळ वाटेल. बजेट असेल तर पाचवा, खास रंग घ्या.

मॅट लॅमिनेशन काळ्यावर सुरेख दिसतं, पण त्यावर नखाचे ओरखडे आणि बोटांचे ठसे लगेच उठतात. ओरखडे न पडणारी फिल्म मिळते, ती मागा. कण्याची जाडी अंदाजाने धरू नका. १६० पानं म्हणजे ८० पत्रं, १३० जीएसएम (चौरस मीटरला १३० ग्रॅम) आर्ट पेपर सुमारे ०.१ मिमी जाड, म्हणजे कणा ८ मिमीच्या आसपास. नेमकं माप त्याच कागदाच्या कोऱ्या डमीवरून घ्या. कण्याला वेगळा रंग दिलात तर बाईंडिंग अर्धा मिलिमीटर सरकलं तरी पट्टी पुढे डोकावते, त्यापेक्षा चित्र कण्यावरून सलग वाहू द्या. चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना पांढरी कड राहू नये म्हणून मापाबाहेर वाढवलेलं चित्र, हवाच.

चित्रांचं पुस्तक दिसलं की आपल्याकडची दुकानं ते सहज बालसाहित्याच्या कप्प्यात ठेवतात. मलपृष्ठावर ‘प्रौढ वाचकांसाठी’ हे ठळक छापा.

प्रूफ (तपासणीची नमुना प्रत) छपाईच्याच कागदावर, लॅमिनेशनसह मागा आणि दिवसाच्या उजेडात, मग ट्यूबलाइटखाली बघा. ट्यूबखाली नायकाचा चेहरा हरवत असेल तर फाइल परत घ्या आणि मिडटोन (गडद आणि उजळ यांमधल्या छटा) उजळ करून दुसरं प्रूफ काढा. त्याला एक दिवस जास्त लागेल, तो द्या.